चोवीस बरण्या

नवरा गेला त्या वर्षी बायनाबाईच्या हातचं लोणचं नासलं. तेव्हापासून भावकीतल्या बायका तिला बरणीजवळ येऊ देत नव्हत्या. कुणी तोंडावर बोललं नाही. ती आली की बरणी उचलून आत ठेवायच्या, एवढंच. अशी वीस वर्षं गेली. मेंढरं विकली, केदारखेड्याच्या शिवारात ती दुसऱ्यांची रानं खुरपत राहिली.

२००४ साली गावातल्या द्राक्षबागायतदार धर्मराजने आपल्या मळ्यातल्या दगडी खोलीत पांढरी वाइन करायला घेतली. द्राक्षांवर औषध मारलेलं नव्हतं. रसात विकतचं खमीर नाही, टिकवायला गंधक नाही. सालीवर जे जिवंत असतं त्यानेच रस आंबायचा. काचेच्या चोवीस मोठ्या बरण्या. प्रत्येकीच्या बुचात एक वाकडी नळी आणि नळीत बोटभर पाणी. आतला वायू बुडबुडत बाहेर पडायचा, बाहेरची हवा आत जायची नाही. चैत्राच्या उन्हात ते पाणी दोन दिवसांत आटायचं. ते भरायला त्याने बायनाबाईला ठेवलं.

बांधावरून जाणारा भिवा विचारायचा, "काय बायनाबाई, बरण्यांना दारू पाजून राह्यली का?"

"पाणी पाजून राह्यले. दारू तू पितोस तेवढी बस."

ती बरणीला कान लावायची आणि सांगायची, "ही झोपली. ही अजून बोलून राह्यली." धर्मराज रसातली साखर मोजायचा काटा बुडवून बघायचा. बरोबर निघायचं.

"मावशी, तुमच्या हाताला गुण आहे," तो एकदा म्हणाला.

"काय म्हणला?"

त्याने पुन्हा सांगितलं. ती त्या दिवशी जेवायची सुट्टी झाली तरी खोलीतून बाहेर आली नाही.

मग धर्मराज गिऱ्हाईक बघायला बारा दिवस नाशिकला गेला. किल्ली तिच्याकडे दिली. तिसऱ्या दिवशी तिचा दीर रायभान वारला.

ती धर्मराजच्या आईच्या, तुळजाबाईच्या, पायरीखाली लांब उभी राहिली.

"माय, मला सुतक आलं. दहा दिवस बरण्यांना हात लावता येत न्हाई. पाणी तुम्ही घाला, न्हाई तर भाऊला फोन करा."

"मी माळकरी बाई. त्या खोलीत पाय ठेवीन का?"

"मंग फोन तरी करा, माय. नळीतलं पाणी आटलं की सगळं आंबट होतंय."

"बघते," तुळजाबाई म्हणाली. घरात दारू तिला नकोच होती. तिने फोन केला नाही.

सुतकाच्या पाचव्या दिवशी दुपारी बायनाबाई मळ्यात गेली. खिडकीच्या गजातून बघितलं. नळ्या कोरड्या होत्या. किल्ली कमरेला होती, पाण्याचा तांब्या उंबऱ्यालाच होता. आत जाऊन पाणी घालायला घटकाभर लागलं असतं. पण सुतकातला हात लागला तर सगळंच नासेल, आणि त्या हाताला गुण आहे असं एका माणसाने म्हटलं होतं. घाम पुसत ती बराच वेळ उभी राहिली. मग परत फिरली.

धर्मराज आला तेव्हा दार उघडताच त्याच्या नाकाला आंबट वास झोंबला. चोवीसच्या चोवीस बरण्या गेल्या होत्या. तो तिच्या घरी गेला.

"मावशी, तुम्ही आत का नाही गेला? हवा शिरली म्हणून गेलं सगळं. बोटभर पाणी घातलं असतं तर वाचलं असतं."

"हात न्हाई लावला मी भाऊ. बिलकुल न्हाई."

"तेच सांगतोय मी. हात लावायला पाहिजे होता."

समाचाराला आलेल्या माणसाचं ऐकावं तसं तिने ऐकून घेतलं. तो बोलायचा थांबल्यावर म्हणाली, "खिडकीपाशी गेल्ते मी. सुतकात. बघितलं मी त्यांच्याकडं."

"बघितल्याने काही होत नाही, मावशी."

कमरेची किल्ली सोडून तिने त्याच्या समोर जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही.

पुढच्या हंगामात धर्मराज दोनदा बोलवायला गेला. दुसऱ्या वेळी तिने आतूनच विचारलं, कोण आहे. त्याने नाव सांगितलं. दार उघडलं नाही.