पाटीवालींची वाट

रेवदंड्याची विनिता नाखवा वयाच्या चौतिसाव्या वर्षी गाडी शिकली. त्याआधीचं सगळं आयुष्य पायी. लहानपणी माहेरी, म्हणजे बोर्लीला, आईच्या मागून डोंगर चढून पलीकडच्या वाड्यांवर मासळी विकायला जायची. लग्नानंतर सासूच्या मागून चौलच्या डोंगरापलीकडे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत ओले बोंबील नाहीतर सुकट. पुढे सासूचे गुडघे गेले आणि नवरा दयाराम पंधरा-पंधरा दिवस बोटीवर असायचा, तेव्हा तिने जुनी पिकअप घेतली. कोळीवाड्यात बाईमाणूस गाडी चालवतंय म्हणून लोक हसले. "हसूंदे," ती म्हणाली, "मासळी नासण्यापरीस बरं." वर्षभराने हसणाऱ्यांपैकीच दोघींनी तिला विचारलं, आमची पाटी नेशील का गो? दयाराम तर गाडी तिच्याकडूनच शिकला.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. गेल्या जानेवारीत बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढलेली, विकायला मासळी नाही, पिकअप दारात उभी. अशात चौलच्या एका ओळखीच्या बागायतदाराने तिचा नंबर मुंबईच्या एका जोडप्याला दिला. अल्पेश आणि दिपाली, दोघंही चाळिशीच्या आतबाहेर, डोंगरात सायकल चालवायचं वेड असलेली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने सायकली घेऊन रेवसला उतरायचं, तिथून तीन दिवस किनाऱ्याने खाली खाली जायचं, वाटेत डोंगरातल्या पायवाटा निवडून त्यांवर सायकल घालायची आणि एका वाटेपासून दुसरीपर्यंत गाडीने जायचं, असा त्यांचा बेत होता. विनिताने पिकअप तीनदा साबणाने धुतली, तरी वास राहिलाच. दिपालीने गाडीत बसताना एक श्वास घेतला आणि म्हणाली, "आता भूक लागली." विनिताला बाई आवडली.

वाटा अल्पेशने मुंबईतच निवडून ठेवल्या होत्या. फोनवरच्या नकाशात निळ्या रेघा, प्रत्येक रेघेला कुणीतरी दिलेले तारे. पहिली रेघ किहीमच्या मागच्या टेकडीवरून होती. अर्ध्या तासात दोघं सायकली ढकलत परत आली. वाटेवर आता कुणाच्यातरी बंगल्याची भिंत होती, भिंतीपाशी रखवालदार आणि रखवालदारापाशी कुत्रा. दुसरी रेघ दुपारी धरली. ती निघाली पाखाडी. जांभ्या दगडाच्या दोनशे-अडीचशे पायऱ्या. सायकल खांद्यावर घेऊन चढली, खांद्यावर घेऊनच उतरली.

संध्याकाळी किहीमच्या खानावळीत अल्पेश ताटावर बसला, पण लक्ष फोनमध्ये. उद्यासाठी तो तिसरी रेघ शोधत होता. विनिता दिवसभर काही बोलली नव्हती. भाड्याच्या माणसाने मध्ये तोंड घालू नये हे तिला कळत होतं. पण पाखाडी दिसत असताना तिच्यावर सायकल नेणारी माणसं बघून तिला राहवेना.

"दादा, एक इचारू?" ती शेवटी म्हणाली. "वाट चांगली म्हंजे तुमाला कशी पायजे?"

अल्पेशने मान वर केली. "अरुंद. एका माणसाची. चढ असला तरी बेताचा, न थांबता चढता आला पाहिजे. पायऱ्या नकोत, घसारा नको, एकदम खाली पडणारा उतार नको."

"वळणं पाहिजेत," दिपाली म्हणाली. "पण अशी, की वळल्यावर पुढचं दिसलं पाहिजे."

विनिता जेवायची थांबली. डोक्यावर वीस-बावीस किलोची गळती पाटी असली की बाईला नेमकं हेच हवं असतं. पायरी उतरताना मानेला हिसका बसतो, म्हणून पाखाडी नको. मध्येच थांबलं तर पाटी उतरवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून चढ असा हवा की दम न टाकता पार व्हावा. आणि खाली पायाशी बघता येत नाही, म्हणून पुढचं दिसलं पाहिजे. गुराख्याची वाट वेगळी, लाकूडतोड्याची वेगळी, देवाला जाणाऱ्यांची वेगळी. पाटीवालींची वाट त्या सगळ्यांपासून अलग, आणि ती कुठून कुठे जाते हे पाटीवालींनाच ठाऊक.

"तशा वाटा माज्याकडं हायत," ती म्हणाली. "तुमच्या फोनात न्हायत."

अल्पेशने विनयाने मान हलवली, पण त्याच्या तोंडावरचा अविश्वास काही लपला नाही. दिपाली मात्र म्हणाली, "उद्याची वाट ताई ठरवतील. आजची तू ठरवली होतीस."

दुसऱ्या दिवशी विनिताने त्यांना चौलच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नेलं. गाडी एका वाडीत लावली, कोयता घेतला आणि आधी स्वतः एकटी वर चढून गेली. करवंदीची जाळी दोन ठिकाणी आडवी आली होती, ती तोडली. एका जागी पावसाने वाट खचलेली होती, तिथे दगड रचले. तासाभराने खाली येऊन म्हणाली, "जावा आता. खिंडीपर्यंत कुठं सायकलवरनं उतरायला लागनार न्हाय."

ती गाडी घेऊन चौलच्या बाजूला गेली आणि नारळीच्या बागेपाशी थांबून राहिली. मनात धाकधूक होती. पाय आणि चाक एक नव्हे. अकरा वाजता वरून आधी घंटी ऐकू आली, मग अल्पेश दिसला. अंगभर धूळ, आणि कालपासून पहिल्यांदाच हसत होता. सायकल टेकवून तो तिच्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, काल रात्री मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता. माफ करा."

"मंग वाट कशी हाय?"

"एकदाही पाय टेकला नाही."

दिपाली मागून आली ती डावा हात छातीशी धरून. सगळा डोंगर नीट उतरली आणि खाली बागेच्या पाटावर, फोटो काढायला उतरताना, शेवाळावरून घसरली. रेवदंड्याच्या डॉक्टरने हाड शाबूत असल्याचं सांगितलं, पण मनगटाला पट्टा बांधला आणि आठ दिवस सायकल बंद केली.

आता तिसऱ्या दिवसाचं काय, असा प्रश्न पडला. विनिताच्या ओट्यावर चौघं बसली होती, दयाराम चहा घेऊन आलेला. विनिताच्या मनात एक वाट होती. खाडीपलीकडे, चणेऱ्याकडच्या वाड्यांतून डोंगर ओलांडून थेट बोर्लीला समुद्रावर उतरणारी. तिच्या आईची वाट. पण त्या वाटेने ती तीस वर्षांत चालली नव्हती आणि माथ्यावर कुठेतरी फाटे होते. अल्पेशला एकट्याला सांगून जमणार नव्हतं, आणि ती पायी पुढे गेली तर अख्खा दिवस मोडला असता. फोनमध्ये त्याच डोंगरावरून जाणारा रुंद मातीचा रस्ता होता, चांगले चार तारे मिळालेला.

"रस्ताच धर," दिपाली नवऱ्याला म्हणाली, पण तिचा आवाज पडलेला होता. मग ती विनिताकडे वळली. "ताई, तुम्हाला सायकल येते?"

"येत व्हती. बर्फवाल्याच्या सायकलवर शिकलेली, शाळेत असताना."

"माझी घ्या."

विनिता हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये. दयाराम कप खाली ठेवून म्हणाला, "गाडी मी घेऊन येतो फिरून बोर्लीला. तू जा."

त्या संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर तिने सीट खाली करून घेतली आणि पाय पेडलवर टाकला. पहिली शंभर पावलं सायकल दारू प्यायल्यासारखी गेली. बंदरावरची माणसं बघत होती. गिअर कुठला, ब्रेक कुठला, मागचा आधी दाबायचा, पुढचा हळू, सगळं दिपालीने एका हाताने दाखवलं. "उतारावर सीटवरून उठायचं. गुडघे सैल. नजर चाकाकडे नाही, वीस पावलं पुढे." विनिताने उठून उभं राहून पाहिलं. मान ताठ, गुडघे सैल, नजर लांब. हे तर अंगातच होतं. शरीराने ओळख दिली आणि ती किनाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन वळून परत आली, तेव्हा सायकल सरळ होती.

सकाळी आठला दयारामने दोघांना डोंगराच्या पलीकडच्या बाजूला सोडलं. चढ लांब होता. दोनदा विनिताला उतरून ढकलावं लागलं, दम छातीत मावेना. अल्पेश थांबायचा, पाण्याची बाटली पुढे करायचा. पण वाट तीच होती. ऐनाच्या झाडांतून आडवी आडवी चढत जाणारी, कुठेही घाई न करणारी.

माथ्यावर कातळ लागला आणि तिथे वाट फुटली. डावीकडे रुंद, पायांनी मळलेली. उजवीकडे बारीक, वाळल्या गवतात जेमतेम दिसणारी. विनिता उभी राहिली. आठवेना. नऊ वर्षांची असल्यापासून ती आईच्या लुगड्याच्या काष्ट्याकडे बघत चालायची. फाट्याकडे कोण बघतं?

"डावी जास्त वापरातली दिसते," अल्पेश म्हणाला.

तिने फोन काढला. कातळावर रेंज होती. बोर्लीला तिची आई, कोकिळा, बहात्तर वर्षांची, अजून रोज वाळत घातलेल्या बोंबलांवर राखण करणारी.

"आये, मी माथ्यावर हाय. दोन वाटा फुटल्यात."

"कंच्या माथ्यावर?"

"आपल्या. बोर्लीच्या. सायकल घेऊन आलेय."

पलीकडे कोकिळाने शेजारणीला ओरडून ते सांगितलं. मग कोकिळा म्हणाली, "रुंद वाट गुरांची. ती पान्यावर जाते नि तिथंच मरते. गुराला काय, चार पाय. बारकी धर. धा पावलांवर धोंडा असंल, कमरेएवढा, वरून सपाट. त्यावर आमी भार टेकायचो. धोंडा गावला तर पुढं ये. न्हाय गावला तर परत फिर, उगाच शानपना करू नको."

उजवीकडे दहा पावलांवर काहीच नव्हतं. पंधरावर वेलींचा एक ढीग होता. विनिताने कोयत्याने वेली ओढल्या, आणि खालून दगड निघाला. कमरेएवढा, वरून सपाट, कडा पाट्या घासून घासून गुळगुळीत झालेल्या. तिने त्यावर तळहात ठेवला. आईच्या, मावशीच्या, किती जणींच्या पाट्या इथे टेकल्या असतील. अल्पेश मागे उभा राहिला, त्याने फोन बाहेर काढला नाही.

"हीच," ती म्हणाली. "मी पुढं व्हते."

उतार सुरू झाला आणि ती सीटवरून उठली. पहिल्या वळणावर ब्रेक जोरात दाबला, चाक घसरलं, ती सावरली. दुसऱ्या वळणावर हात सैल पडले. तिसऱ्यापासून पुढे ती विचार करायची थांबली. वाट तिला पुढची जागा आधी दाखवत होती आणि मग तिथे नेत होती. एका वळणावर झाडं संपली, आणि खाली बोर्लीची कौलं, मासळी वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्या, त्यापलीकडे समुद्र, सगळं एकदम समोर आलं. वारा कानांत भरला. लहानपणी हाच डोंगर चढताना तिची मान भरून आलेली असायची आणि पाटीतलं पाणी पाठीवर गळत असायचं. आज डोक्यावर काही नव्हतं. ती मोठ्याने हसली. मागून अल्पेशने विचारलं, काय झालं? तोवर ती पुढच्या वळणावर वळलीही होती.

शेवटच्या उतारावर, गावाच्या वर, सायकल अंगणातल्या कोंबड्या उधळत थेट रस्त्यावर आली, तेव्हाही तिचा पाय टेकलेला नव्हता. रस्त्याकडेला पिकअप उभी, दयाराम, पट्टा बांधलेली दिपाली, आणि फोननंतर कोकिळाने गोळा केलेल्या सातआठ म्हाताऱ्या. सगळ्या पाटीवाल्या. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाला दिसत नाही नीट.

कोकिळाने लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घामाने चिंब, पंजाबी ड्रेसला गवताची कुसळं, कोपर खरचटलेलं.

"किती वेळ लागला गो माथ्यावरनं?"

"पंचवीस मिनटं, आये."

"आमाला दीड तास लागायचा," कोकिळा शेजारणीला म्हणाली, आणि तिच्या आवाजात असा काही थाट होता, जणू ती पंचवीस मिनिटं तिचीच होती. मग त्या म्हाताऱ्या सायकलीभोवती जमल्या. एकीने टायर दाबून पाहिला, दुसरीने घंटी वाजवली. अल्पेशला त्यांनी बसवून तळलेली मांदेली खायला घातली आणि वर कुठे कुठे काय काय आहे ते सांगायला लागल्या. एकेकीकडे दोन-दोन, तीन-तीन वाटा निघाल्या. दिपाली चांगल्या हाताने लिहून घेत होती, आणि लिहिता लिहिता तिची वही भरली.

नंतरच्या महिन्यांत विनिताने त्यांतल्या एकोणीस वाटा स्वतः सायकलने जाऊन पाहिल्या. दिपालीने आपली जुनी सायकल तिच्यासाठी लाँचने रेवसला पाठवून दिली होती. एकोणीसपैकी अकरा ठेवल्या. तीन बंगल्यांच्या कुंपणात गेल्या होत्या, दोन अभयारण्याच्या हद्दीत शिरत होत्या म्हणून सोडल्या, आणि तीन नुसत्याच वाईट होत्या, कितीही प्रेमाने सांगितल्या गेल्या तरी. त्या तीन सांगणाऱ्या आज्यांची समजूत काढायला तिला वाटा शोधण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

आता हिवाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं तिला आधी फोन करून विचारतात, यंदा कुठली वाट घ्यावी. ती आधी त्यांनाच विचारते: चढ किती झेपतो, उतारावर भीती वाटते का, गुडघा दुखतो का. मग वाट सांगते. बोर्लीची वाट ती सगळ्यांना देत नाही. जो आधी चौलचा डोंगर पाय न टेकता उतरलाय त्यालाच देते, आणि त्या दिवशी पिकअप दयारामकडे देऊन स्वतः पुढे असते.