ग्लास पुसणारी

लोणावळ्यातल्या कॉलेजच्या कॅन्टीनला मी चहा करतो. आठवीत शाळा सोडून हिंगोलीहून आलेल्या मला हे काम मिळालं, हे उपकारच. म्हणून मी संस्थेच्या साहेबांसमोर तोंड उघडत नाही.

आंदर मावळातली एक मुलगी रोज यायची. धुतलेला ग्लासही ओढणीनं पुसून घ्यायची. एकदा मी विचारलंच, "ताई, माझे हात खरकटे दिसतात का?"

"न्हाई ओ भाऊ, घरची सवय. आमच्या डोंगराला खाण लागलीय. ताटातबी धूळ बसती."

ती खाण चालवणाऱ्या कंपनीत कॉलेजच्या संस्थेचे पैसे गुंतलेले होते. ते काढून घ्यावेत, असा ठराव तिनं विद्यार्थी मंडळात मांडला. वर्गावर्गात फिरून मतं मिळवली, ठराव पास करून घेतला. संस्थेनं मंडळच बरखास्त केलं. फळ्यावर नोटीस लागली, बस.

त्या दिवशीही तिनं ग्लास पुसला. "समदं नियमानं केलं, भाऊ. दगड मारला असता, तर निदान ओरडले तरी असते."

पुढं ती दिसली नाही.

नवं मंडळ संस्थेनंच नेमलं. पहिली बैठक कॅन्टीनमध्ये झाली. स्नेहसंमेलनाला खाणवाल्यांकडून देणगी मागायचं ठरलं. चहा मीच दिला. ग्लास कुणीच पुसला नाही.