न उमटणारे अंगठे

सगळी वस्ती त्यांना रेंजकाकू म्हणायची. त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहिलं की फोनला रेंज येते, असा लोकांचा ठाम समज होता. खरं कारण एवढंच होतं, की टॉवर त्याच इमारतीच्या गच्चीवर उभा होता. पण काकूंनी तो समज कधी खोडून काढला नाही. "माझ्या डोक्यातच टॉवरची काडी बसवलीय कंपनीने," म्हणायच्या आणि खुशाल हसायच्या.

बसथांब्यामागे, औषधांच्या दुकानाच्या पायरीला लागून एक घडीचं टेबल, कंपनीची मोठी छत्री आणि बोटांचे ठसे घेणारं मुठीएवढं यंत्र. एवढ्या संसारावर काकूंनी तेरा वर्षं सिमकार्डं विकली. नवरा गेला तेव्हा मुलगी तिसरीत होती. ती याच टेबलाखाली बसून पाढे पाठ करत मोठी झाली आणि नर्सिंगला लागली.

कंपनी बाहेरच्या देशातली, आणखी दहा-बारा देशांत पसरलेली. जिथे माणसं आयुष्यातला पहिला फोन हातात घेतायत, तिथे आधी पोहोचायचं, हा तिचा धंदा. त्यामुळे तिला दर महिन्याला नवी गिऱ्हाइकं लागत. किती, ते वर कुठेतरी ठरे आणि तो आकडा घेऊन खाली येई तो एरिया साहेब.

हा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा पंचविशीचा होता. इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखल. "काकू, मला इथलं काही म्हणजे काही कळत नाही. तुम्हीच सांभाळून घ्या." काकूंनी घेतलं. कुठल्या कारखान्याची पाळी कधी सुटते, कोणत्या गल्लीत कोण नवीन राहायला आलंय, सगळं त्याला पायी फिरून दाखवलं. तो आजारी पडला तेव्हा त्याच्या खोलीवर आठ दिवस डबा पोचवला. मुलगी चिडवायची, "आई, मला भाऊ झाला वाटतं."

अडचण होती ती अंगठ्यांची. वस्तीतल्या निम्म्या बाया भांडी घासणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, धुलाईच्या कामाला जाणाऱ्या. त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून सपाट झालेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवा, तेल लावून ठेवा, दुसरं बोट ठेवा, लालच.

"पुन्हा लाल?" धुलाईवाली मावशी म्हणायची. "अहो काकू, रेषा होत्या हो मला. साबणाने नेल्या."

"मग साबणालाच सिम देऊ का?"

"द्या बाई. पण लेक परदेशातून फोन कुठे करणार? साबणाला?"

मावशीचा लेक जहाजावर कामाला होता. काकूंनी साहेबाला विचारलं, "यांचं काय करायचं हो? माणूस समोर उभा आहे, ओळखपत्र हातात आहे, आणि यंत्र म्हणतं माणूस नाहीच."

साहेबाने इकडेतिकडे पाहिलं. महिन्याची एकोणतीस तारीख होती. "काकू, तुमचा अंगठा लावा. कार्ड तुमच्या नावावर, वापरतील त्या. नंतर मी ऑफिसातून नावं बदलून घेतो. सगळीकडे असंच चालतं."

एका माणसाच्या नावावर दहाच नंबर चालायचे. काकूंचे दहा दोन महिन्यांत भरले. मग साहेबाने विचारलं, "घरात आणखी कोणी?" मुलीला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. काकू यंत्र घरी घेऊन गेल्या. मुलगी पोळी खात होती. डाव्या हाताने तिने दहा वेळा अंगठा टेकवला, दहा वेळा हिरवा दिवा लागला आणि दर दिव्याला ती हसली. शेवटच्या वेळी मात्र तिने विचारलं, "आई, हे चालतं ना?"

"साहेबांनीच सांगितलंय. बिनधास्त लाव."

त्या वर्षी कंपनीच्या समारंभात काकूंना स्टेजवर बोलावून फुलं दिली. त्यांचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला. नावं बदलायचं काम मात्र राहून गेलं. काकू आठवण करायच्या, साहेब म्हणायचा, "होतंय, होतंय."

तीन वर्षांनी मुलीला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. पत्र आलं, गणवेशाचं माप दिलं गेलं. आणि नेमणुकीआधीच्या चौकशीत तिचं नाव फसवणुकीच्या लाल यादीत निघालं. तिच्या नावावरच्या दहांतला एक नंबर हात बदलत बदलत कोणा भामट्याकडे गेला होता आणि त्याने त्यावरून म्हाताऱ्या माणसांना गंडवलं होतं. इस्पितळाने सांगितलं, सोमवारपर्यंत कंपनीचं पत्र आणा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. तो शुक्रवार होता.

पण काकूंना एक आधार होता. साहेब आता बढती मिळून मुख्य ऑफिसात बसत होता. "अगं, तो आपल्या घरचाच आहे," त्या मुलीला म्हणाल्या. "दोन ओळी लिहून देईल."

शनिवारी काकू मुख्य ऑफिसात गेल्या. काचा, गार हवा आणि टोकन. काकूंचा फोटो भिंतीवर नव्हता. तिथे टीव्ही लावला होता. बाकावर बसल्या असताना शेजारच्या खिडकीवर एक गवंडी आला. त्याचा अंगठा लागेना. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे खणातून एक पिवळा फॉर्म काढला, त्याचा फोटो घेतला, बरोबरच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि म्हणाली, "तीन दिवसांनी चालू होईल, काका."

काकू उठून खिडकीशी गेल्या. "बाळा, हा फॉर्म नवीन आलाय का?"

"नाही हो काकू. यंत्रं आली तेव्हापासूनच आहे. ठसे न लागणाऱ्यांसाठी."

काकूंना वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. त्यांनी फॉर्म हातात घेतला. खालच्या कोपऱ्यात छापल्याचं वर्ष होतं. त्यांनी स्वतःचा अंगठा पहिल्यांदा टेकवला, त्याच्या दोन वर्षं आधीचं.

साहेबाच्या केबिनमध्ये आणखी एक माणूस बसला होता, कायद्याच्या विभागातला. साहेब उठला नाही. "बसा, मॅडम."

एवढ्या वर्षांत त्याने काकूंना कधी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. "साहेब, पिवळा फॉर्म होता?"

कायदेवाल्याने वर पाहिलं. साहेब पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "त्याला तीन दिवस लागतात. महिनाअखेर तीन दिवस थांबते का?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही तोच भरत बसला असतात."

हे तो इतक्या सहज बोलला, की काकूंना राग यायलाही वेळ लागला. तो आपल्याला ओळखत होता, म्हणूनच त्याने सांगितलं नव्हतं. त्यांचा सरळपणा त्याने नीट जोखला होता आणि त्याला बगल देऊनच वाट काढली होती. डबे, पायपीट, भाऊ. सगळ्यावर पाणी.

कायदेवाल्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, मी कंपनीच्या सूचनेविरुद्ध, स्वतःच्या लोभापायी, मुलीला अंधारात ठेवून तिचे ठसे वापरले. खाली सहीची जागा. सही झाली की मुलीचं नाव यादीतून निघेल, पत्र आजच मिळेल. काकूंचं नाव यादीत राहील. टेबल, छत्री, यंत्र परत. त्यांच्या आणि मुलीच्या नावावरचे सगळे नंबर बंद.

"यात साहेबांचं नाव नाही," काकू म्हणाल्या.

"त्यांनी सांगितल्याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद कुठून असणार? घरच्या माणसाकडून कोणी लिहून घेतं का?

भांडता आलं असतं. तक्रार करता आली असती. महिने गेले असते. सोमवार दोन दिवसांवर होता. काकूंनी सही केली. साहेब तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

घरी मुलीने पत्र वाचलं, सोबत जोडलेला जबाबही वाचला. "अंधारात? मी पोळी खात होते. दिवा चालू होता. हसत होते मी."

"असू दे."

"हे खोटं आहे, आई. मी हे देणार नाही. तिथे सगळ्यांना वाटेल, आईनेच मुलीला फसवलं."

"वाटू दे. तू जागा घालवू नकोस."

"आणि तो? तो नामानिराळा?"

"तू मला विचारलं होतंस, चालतं ना म्हणून," काकू म्हणाल्या. "मी चौकशी न करता हो म्हटलं. माझा विश्वास त्याच्यावर होता, तुझा माझ्यावर. मला त्याने जसं फसवलं, तसंच मी तुला... म्हणून केली सही."

तेवढ्यात दारात धुलाईवाली मावशी येऊन उभी राहिली, हातात फोन. "काकू, माझा नंबर मेला हो. आज लेकाच्या फोनचा दिवस. तुमच्या भरवशावर घेतला होता मी." काकूंनी तिला आत घेतलं, पिवळ्या फॉर्मबद्दल सांगितलं, मुख्य ऑफिसचा पत्ता लिहून दिला. तीन दिवस लागतील हेही सांगितलं. मावशी जाताना "येते" म्हणाली नाही.

सोमवारी मुलगी गेली. काकू दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. मांडायला टेबल नव्हतं. संध्याकाळी ती आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"घेतलं?"

"घेतलं. उद्यापासून सकाळची पाळी."

"काही म्हणाले का?"

"मोठ्या सिस्टरांनी जबाब वाचला. म्हणाल्या, स्वतःच्या आईने असं करावं म्हणजे..."

"मग तू काय म्हणालीस?"

मुलीने पेला पालथा घातला. "काही नाही. मी खाली बघितलं."