बिनकुलपाचा फोन

शुद्धलेखनाचं विचारूच नका, आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. चौथीनंतर पेन हातात आलं ते लॉजच्या बुकिंगच्या चिठ्ठ्या लिहायला. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणी वाचलंच तर माफ करावं.

शनिशिंगणापूरला एका लॉजमध्ये मी खोल्या झाडायचे. काउंटरवरची मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा शेठनी मला फोनवर बसवलं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण फोनवर कुणी तोंडाकडं बघत नाही, म्हणून मी तिथं मोकळी बोलायचे. ते फोन इंटरनेटवर चालायचे, यात्रेकरूंना देतो त्याच वायफायच्या वायरीवर.

एकदा सुरतेच्या कुटुंबानं खोली ठरवली. आजीचे गुडघे दुखतात, खालची खोली द्या, म्हणाले. ती माणसं आली ती पैसे भरलेत असं सांगतच. बुकिंगनंतर त्यांना कुणीतरी लॉजचं नाव सांगून फोन केला होता, आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मोबाईलवर सगळे पैसे मागवून घेतले होते. आमच्याकडं एक रुपया आला नव्हता.

शेठ माझ्यावर उखडले. "बाई, त्या म्हातारीचे गुडघे चोराला कुणी सांगितले? शनिदेवानं?"

"मी कुणाला न्हाई सांगितलं."

"मग भिंतीनं सांगितलं का?"

 त्या माणसांना खोली द्यावी लागलीच, आणि तिचं भाडं शेठनी माझ्या पगारातून कापलं. महिन्याभरात पुन्हा तसंच झालं आणि पुन्हा कापलं. लॉजच्या खानावळीत वाढणाऱ्या बायासुद्धा मी आले की गप्प व्हायच्या. घरी सांगायची सोय नव्हती, रडायलाही जागा नव्हती.

नंतर वायफाय दुरुस्त करायला नगरहून माणूस आला. शेठ मला बोलत होते ते त्यानं ऐकलं. तो एका खोलीत लॅपटॉप घेऊन बसला आणि मला म्हणाला, "मावशी, कुणालातरी फोन लावा." मी दूधवाल्याला लावला. थोड्या वेळानं त्याच्या लॅपटॉपमधून माझाच आवाज आला, "दोन लिटर जास्त टाका." 

"शेठ, इथं उतरलेलं कुणीही हे ऐकू शकतं," तो म्हणाला. "बोलणं वायरीतून उघडं जातंय. एन्क्रिप्शन करू. मग मधे कुणी धरलं तरी नुसती खरखर ऐकू येईल. फोनला कुलूप म्हणा."

"आमच्या घराला पिढ्यान् पिढ्या दार न्हाई, आन् तू फोनला कुलूप लावतो व्हय?"

"तुमचे दोन फोन जुने आहेत, त्यांना हे जमणार नाही. तेवढे बदलावे लागतील."

खर्चाचं ऐकल्यावर तर शेठना गावाची रीत जास्तच आठवली. गल्ल्याची किल्ली मात्र त्यांच्या करगोट्याला होती. हे माझ्या अगदी ओठांवर आलं, पण गिळलं. मी खोटं बोलत नव्हते हे उघड झालं, तरी शेठच्या तोंडून "चुकलं" असा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"उचला की!" शेठ ओरडले.

"कुलूप लागल्याबिगर न्हाई उचलणार."

 फोन वाजून वाजून बंद पडला. परत वाजला, परत बंद पडला. दुपारपर्यंत शेठनी स्वतः नगरला फोन लावून त्या माणसाला बोलावलं.

आता बोलताना फोनच्या पडद्यावर बारकं कुलूप दिसतं. कापलेल्या पैशांबद्दल मात्र "पुढच्या पगारात बघू" हेच ऐकत राहिले. शेठनी थोडे दिले, मग थांबले, मग मला पुन्हा मागावे लागले. मागताना दरवेळी मलाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

काल शेठनी राहिलेल्या नोटा काउंटरवर टाकल्या. वाढणाऱ्या बाया तिथंच उभ्या होत्या. मी खाली मान घालून पदरात बांधणार होते, पण थांबले, आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं मोजल्या. पुऱ्या होत्या.