चादरीखालचं यंत्र

पेटंटबुवांच्या कामाच्या टेबलावर चादरीखाली काय आहे, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. असणार कसं? चादरीखाली काहीच नव्हतं. म्हणजे एक उपडं पातेलं होतं, त्यावर बिस्किटांचे दोन रिकामे डबे, आणि आत काहीतरी चालू आहे असं वाटावं म्हणून एक गजराचं घड्याळ. हसू नका. चार भिंतींत एकट्या पडलेल्या माणसाला काय काय सुचतं, ते तुम्हाआम्हाला नाही कळायचं.

एके काळी मात्र त्या चादरीखाली खरीखुरी यंत्रं असायची. शिलाई मशीनच्या बॉबिनमधला दोरा संपत आला की आधीच टकटक करणारी कळ, हे बुवांचं पहिलं पेटंट. मग टाकीतलं पाणी तळाला जायच्या आत पंप बंद करणारी झडप. छपाईच्या मशीनवरचा कागद सरत आला की लागणारा लाल दिवा. सलाईनची बाटली संपायच्या आत पिं पिं करणारा चिमटा. कुठे शिंप्याचं दुकान, कुठे इस्पितळ! पण खोड तीच: कुठलीही गोष्ट संपण्याआधी माणसाला कळलं पाहिजे, मागाहून कळून काय उपयोग?

आता पेटंटचा एक नियम असतो. अर्ज दाखल होण्याआधी वस्तू चारचौघांत आली, की तिच्यावरचा हक्क गेला. तरुणपणी बुवांनी कुलपाची एक युक्ती मोठ्या कौतुकानं मित्राला दाखवली आणि त्या भल्या माणसानं ती सरळ प्रदर्शनात मांडली. हातातोंडाशी आलेला घास गेला. दुधानं तोंड पोळलं तसे बुवा ताकही फुंकून प्यायला लागले. अर्ज गेल्याशिवाय चादर उचलायची नाही आणि काय करताय म्हणून विचारायचं नाही, असा घरात दंडकच घातला. बायकोला सांगितल्यानं पेटंट बुडत नाही, असं वकिलानं परोपरीनं समजावलं. पण बुवा ऐकतील तर शपथ!

बायको बिचारी शहाणी. तिनं विचारणं सोडलं. जेवणाचं ताट टेबलाच्या कडेला ठेवायची आणि मुकाट आत जायची. पुढे तिच्या पोटात दुखायला लागलं, तेही तिनं असंच मुकाट झाकून ठेवलं. कळलं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

"अगं, आधी का नाही बोललीस?" बुवा तिच्या उशाशी बसून विचारत होते.

"तुम्ही तरी पूर्ण झाल्याशिवाय कुठे काय सांगता?" ती म्हणाली. वर टांगलेल्या बाटलीला बुवांचाच चिमटा लावलेला होता. त्याकडे बघून ती जराशी हसली. "सगळ्या जगाला यंत्र बसवलंत. माझ्यावर नाही बसवलंत ना एखादं?"

ती गेल्यानंतर बुवांना काही सुचलंच नाही. टेबलाशी बसायचे, स्क्रू हातात घ्यायचे, परत डबीत ठेवायचे. दिवस सुतकातल्यासारखा जायचा. "बाबा, एकटे कसे राहाल?" असं लेकीनं विचारलं तेव्हा मात्र ते पटकन बोलून गेले, "एकटा कुठे? काम चाललंय की!" लेकीचा जीव भांड्यात पडला. तो चेहरा बघितला आणि बुवांनी रिकाम्या टेबलावर चादर घातली. ती भेटायला यायची असली, की आदल्या दिवशी पातेल्यावर आणखी एक डबा चढवायचे. काम पुढे सरकलेलं दिसायला नको?

आता लेक कायमची लांब निघाली होती, समुद्रापलीकडे. नव्या घरात बुवांसाठी एक खोली धरायची की नाही, हे तिला आजच ठरवायचं होतं. बुवांना जायचं होतं हो! जीव तुटत होता. पण निकामी म्हातारा म्हणून लेकीच्या दारात उभं राहायचं, हे काही तोंडातून निघेना.

"येताय ना बाबा? शेवटचं विचारते."

"बघू. काम अगदी मोक्याच्या टप्प्यावर आलंय."

लेकीनं मान हलवली. चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "आईचं मोठं पातेलं कुठे आहे हो?"

"असेल तिथेच कुठेतरी," बुवा म्हणाले.

शेवटी तिनं छोट्या भांड्यात चहा केला. तो पिऊन झाला, गाडी दाराशी आली. निघताना ती टेबलापाशी थांबली. आतली टिकटिक ऐकून तिनं चादरीच्या टोकाला हात लावला. उचल, बुवा मनात म्हणाले, उचल गं बाई!

पण घरचंच वळण. तिनं हात मागे घेतला. "नियम ठाऊक आहे मला. अर्ज गेला की पहिल्यांदा मला सांगा." वाकून नमस्कार केला आणि दाराकडे वळली.

बुवांना तिची पाठ दिसली. ताट ठेवून आत जाणारीची पाठ अशीच दिसायची.

"थांब," ते म्हणाले. "चादर उचल."

"अहो बाबा, पण अर्ज..."

"उचल म्हणतो ना!"

तिनं चादर उचलली. डबे बघितले, घड्याळ बघितलं. पातेल्याच्या बुडावर आईचं कोरलेलं नाव होतं, त्यावरून बोट फिरवलं.

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

"असं संपत आलं होतं सगळं, तर वाजवायचं नाही का, बाबा?"

"वाजवतोय की आत्ता," बुवा म्हणाले.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. लेकीनं खिडकीतून हात करून त्याला जायला सांगितलं. मग डबे खाली उतरवले, पातेलं सुलटं केलं आणि धुवायला नळाखाली धरलं.