तारेकडचं गवत

खोडाळ्याजवळच्या आमच्या काजूच्या बागेला तारेचं कुंपण आहे. दिवाळीनंतर पाड्यातल्या बाया कुंपणाकडचं गवत आपल्या गुरांसाठी कापून न्यायच्या आणि जाता जाता कलंडलेला खांबही सरळ करायच्या. मला मात्र सुधारणा करायची खाज. ट्रॅक्टरमागे ओढायचं गवत कापायचं यंत्र आणलं. त्या दळभद्र्या यंत्राने एका सकाळीत सगळ्या गवताचा भुगा केला. बायांनी तो बघितला आणि विळे घेऊन परत गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात चार खांब आडवे झाले. कोणी उचलले नाहीत. पाड्यातली गुरं खुशाल आत चरू लागली. शेवटी ते यंत्रच ओढून भगदाडात आडवं लावलं.

तिथून जाणारी एक म्हातारी थांबली. म्हणाली, "आता कसं कामाला लागलं, दादा!"