ओल्या पोत्यातला कॅमेरा

एकोडीच्या घरी मी कॅमेरा लावला तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, पोराला बापाची किती काळजी! साफ खोटं. आई गेल्यावर बाबा एकटे पडले, आणि भंडाऱ्याहून दर रविवारी गावी जायचं माझ्या जिवावर येऊ लागलं. मोबाइलमध्ये बाबा दिसले की जाणं टळायचं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

दुकानदाराने कॅमेरा ओसरीच्या पश्चिमेच्या भिंतीवर, टिनाच्या पत्र्याला अगदी चिकटवून बसवला. काळा डबा. "वॉटरप्रूफ आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ." अरे, आमच्याकडे पाण्याच्या आधी ऊन येतं! मे महिन्यात ज्या पत्र्याखाली चिमणीही टेकत नाही, तिथे यंत्र कसं टिकेल, हा प्रश्न त्याला पडू नये? आणि मी तर त्याच पत्र्याखाली वाढलो होतो.

उन्हाळा चढला तसं दुपारी चित्र जायचं, दिवेलागणीला परत यायचं. हेल्पलाइनवरची गोड बाई म्हणायची, "सर, एकदा बंद करून चालू करा." उन्हाने तापतो का, असं मी विचारलं. "सर, आपलं इंटरनेट तपासा." माझं डोकं तापायचं ते निराळंच. आणि तो सगळा राग मी बाबांवर काढायचो. रिकामा पंखा फिरलेला त्यांना खपत नाही. कॅमेऱ्याचं बटणही बाबाच बंद करत असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

"बाबा, काहून बंद केला?"

"मी हात नाही लावला, बापू. तो आपल्या मनानं झोपते, आपल्या मनानं उठते."

"यंत्र झोपत नसते, बाबा."

"तं मी खोटा बोलून राहिलो काय?"

"हो," मी म्हणालो. बाबांचा फोन स्पीकरवर होता आणि शेजारच्या काकू त्यांच्याजवळच बसल्या होत्या.

दोन-चार दिवसांनी ऑफिसात मोबाइल उघडला, तर पडद्यावर बाबांचा हात आला, मागून पोतं आलं, आणि अंधार. आता तर उघडउघड झाकतात! मी तसाच मोटरसायकलवर निघालो. त्यांना काय काय सुनवायचं, ते साकोलीपर्यंत जुळवत होतो.

घरी पोचलो तर बाबा खाटेवर पडलेले, अंग भट्टीसारखं तापलेलं. काकू त्यांच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होत्या. कॅमेऱ्याखाली स्टूल, स्टुलाजवळ बादली. रांजणाला गुंडाळतो तसं पोतं त्यांनी कॅमेऱ्याला गुंडाळलं होतं, आणि ते सुकलं की भर उन्हात स्टुलावर चढून पुन्हा भिजवत होते.

"त्याले ऊन लागे, बापू. म्हणून झोपे," बाबा कसेबसे म्हणाले. "आता चालू आहे ना?"

काकूंनी वर पाहिलं. "मोबाइलात पाहतेस ना बापाले? आता समोरून पाह!"

साकोलीच्या दवाखान्यात सलाईन लागली. बहिणीला मी कळवलं, बाबांना ऊन लागलं. ते उन्हात कशासाठी उभे होते, हे गिळलं.

ते घरी आल्यावर एका दुपारी मी पहिल्यांदाच त्या डब्याला हात लावला. चटका बसला. पोत्याचं पाणी शिरून काचेवर आतून वाफ धरली होती, तो कॅमेरा गेलाच. नवा, पांढरा, उत्तरेच्या भिंतीवर सावलीत, पत्र्यापासून वीतभर खाली लावला. त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर घरात घेतला. काचेपुढची कोळ्याची जाळी आता मीच झाडतो. एवढंच काम होतं! ते दुकानदाराने केलं नाही, हेल्पलाइनने सांगितलं नाही, मला सुचलं नाही; आणि म्हातारा माणूस स्वतःला खरं ठरवायला स्टुलावर चढला.

यंदाच्या मे महिन्यात कॅमेरा एकदाही बंद पडला नाही. त्यात ओसरी दिसते, रांजण दिसतो. बाबा दिसत नाहीत. त्यांनी खाट मागच्या सपरीत, घरामागच्या छपरीखाली, नेली आहे. "इकडे हवा येते," म्हणतात. हवा ओसरीवरच येते, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आता मी रविवारी जातो. परवा त्यांच्याजवळ बसून एकदाचं म्हणालो, "बाबा, तुम्ही खोटं बोलत नव्हते."

"मले तं माहीतच होतं," ते म्हणाले.

मी उठून खाट ओसरीवर न्यायला हात घातला. त्यांनी ती नेऊ दिली नाही.